मिनिटाला सतरा थेंब

सकाळी ६.१० : ९ थेंब. ७.३० : १४. ८.४५ : १७. दुपारी १ : ४.

आमच्या सोसायटीतल्या २०३ च्या काकांच्या वहीतल्या या नोंदी. स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचे, मनगटावरच्या घड्याळाकडे एक डोळा, स्टीलच्या वाटीकडे दुसरा, आणि छतातून मिनिटाला किती थेंब पडले ते लिहून ठेवायचे. वाटी जिथं होती तिथं आधी देव्हारा होता. पहिल्या महिन्यातच त्यांना देव हॉलमध्ये हलवावे लागले, टीव्हीशेजारच्या कपाटावर.

या प्रकरणात मी सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्याकडे वार्षिक सभेला जो उशिरा पोचतो त्याच्या गळ्यात हे पद पडतं, तसं ते माझ्या पडलं होतं. प्रकरण मिटायला पावणेतीन वर्षं लागली आणि त्यातली दीडेक वर्षं तरी निव्वळ माझ्यामुळे गेली. गळतीवरून शेजाऱ्यांत पेटलेली भांडणं घरोघरी आहेत, म्हणून हे सगळं एकदा नीट मांडून ठेवतो. घरांचे नंबर बदलले आहेत, नावं घेत नाही.

इमारत कोथरूडची, १९९३ ची. खाली पार्किंग, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार घरं, लिफ्ट नाही. २०३ मध्ये काका आणि काकू, दोघं निवृत्त. बरोबर वर ३०३ मध्ये वहिनी, त्यांचे यजमान आणि कॉलेजातला मुलगा. ३०३ मुळात वहिनींच्या सासऱ्यांचं. त्यांना सगळी सोसायटी अण्णा म्हणायची. अण्णा आणि काका पहाटे वेताळ टेकडीवर जोडीनं फिरायला जायचे, इतकी वर्षं की एकटा दिसला तर लोक दुसऱ्याची तब्येत विचारायचे. अण्णा २०२० मध्ये गेले. म्हणजे ही दोन घरं एकमेकांची वैरी नव्हतीच. होळीला वर पुरणपोळी जायची, आणि डबा कधी रिकामा परत यायचा नाही.

जून २०२१ मध्ये २०३ च्या स्वयंपाकघरात, संडासाच्या भिंतीला लागून, छताला तळहाताएवढा डाग पडला. आठवड्यात त्याची परात झाली, रंगाचे पोपडे सुटले आणि थेंब सुरू झाले. काकांनी निदान केलं : डाग स्वयंपाकघरात, म्हणजे वरच्यांचं सिंक गळतंय. वर जाऊन सांगितलं, तेही सरळ शब्दांत. वहिनींनी त्याच आठवड्यात प्लंबर बोलावला आणि सिंकखालचा पाइप, वेस्ट कपलिंग, सगळं बदलून घेतलं. साडेचार हजार गेले. थेंब चालूच राहिले.

पुढचं सगळं रामायण इथून सुरू झालं. काकांना वाटलं, वरच्यांनी काहीतरी थातुरमातुर करून बोळवण केली. वहिनींना वाटलं, यांच्या सांगण्यावरून पैसे घातले, आता परत काय? दोघांचंही बरोबर होतं. चूक होती ती निदानात. पाणी जिथं दिसतं तिथं ते गळत असतंच असं नाही. वरच्या फरशीखाली ते वाट काढत जातं, स्लॅबला जिथं बारीक चीर मिळेल तिथं उतरतं, आणि बिचाऱ्या डागावरून आपण वरच्या माणसाचं चारित्र्य ठरवतो.

गळतीचं भांडण इतर भांडणांपेक्षा चिवट का होतं, तेही सांगतो. पार्किंग किंवा आवाजाच्या तक्रारीत दोघांनाही तीच गाडी दिसते, तोच आवाज ऐकू येतो. गळतीत खालच्याला ओलं छत दिसतं आणि वरच्याला कोरडीठाक फरशी. नुकसान ज्याचं, त्याच्या हातात काही नाही. ज्याच्या हातात आहे त्याचं काही बिघडत नाही. वहिनी मला अनेकदा म्हणाल्या, "दादा, या ना, बघा ना, कुठे आहे पाणी?" मी जायचो, बघायचो, खरंच कुठे नसायचं.

ऑक्टोबरपासून काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायला सुरुवात केली. पहाटे पावणेसहाला वाटीचा फोटो, खाली दोनच शब्द : "आजचे तीर्थ." पहिल्या दिवशी लोक हसले. चौथ्या दिवशी कुणीतरी "बेजबाबदारपणाची हद्द" असं लिहिलं, त्याला सात अंगठे आले. त्यातला एक माझा होता, हे कबूल करतो. त्या दिवसापासून ३०३ चं दार काकांसाठी बंद झालं. जिन्यात समोरासमोर आले तर वहिनी मोबाइल काढून बघायच्या आणि काका कठड्याचा रंग. माणसाला चारचौघांत नाक मुठीत धरायला लावलं की पुढे तो दुरुस्ती करत नाही. त्याच्या लेखी दुरुस्ती करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं होऊन बसतं.

मी काय करत होतो? नोटिसा पाठवत होतो. "आपल्या सदनिकेतून होणारी गळती पंधरा दिवसांत थांबवावी." अशा चार. उत्तर एकालाही नाही. काका मला गाठायचे : "अरे, तू सेक्रेटरी आहेस की पोस्टमन?" मग मी सेक्रेटरी मंडळींचं ठेवणीतलं वाक्य काढायचो, "काका, हा दोन सभासदांमधला विषय आहे, सोसायटी यात पडू शकत नाही." हे वाक्य सोयीचं आहे, पण अर्धवट खरं आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, तपासणीची वाट दिलेली आहे : आगाऊ सूचना देऊन सेक्रेटरी समितीच्या एखाद्या सभासदाला आणि तज्ज्ञाला घेऊन सदनिका पाहू शकतो, काय दुरुस्ती हवी त्याचा अहवाल करू शकतो. उपविधींची ती निळी पुस्तिका माझ्याच कपाटात होती. मी ती उघडली तिसऱ्या वर्षी.

मधल्या काळात काका पोलीस चौकीत जाऊन आले. तिथं त्यांना चहा मिळाला आणि "आपसात मिटवा" हा सल्ला. मग वकील गाठला. गळती आणि दुरुस्तीचे असे वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. वकिलांनी तेच सांगितलं, आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं की तारखा पडतील, न्यायालय आधी तज्ज्ञाचा अहवालच मागेल. म्हणजे कोर्टात जाऊनही प्रश्न पुन्हा तोच : पाणी नेमकं येतंय कुठून? पावणेदोन वर्षं झाली होती आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आरोपांची मात्र रेलचेल होती.

डिसेंबर २०२३ मध्ये मी ३०३ मध्ये गेलो, पाचवी नोटीस हातात घेऊन. ती टपालात टाकण्याऐवजी स्वतः न्यावी असं का वाटलं कोण जाणे. वहिनींनी ती उलगडली, वरचं नाव वाचलं आणि टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "दादा, ही पाचवी. दर वेळी पाकीट उघडलं की वर अण्णांचं नाव. तुम्ही खांदा दिला होतात ना त्यांना?"

मला खरंच कळेना कुठे बघावं. सोसायटीच्या रजिस्टरला ३०३ चे सभासद अजून अण्णाच होते. बिलं, नोटिसा, सगळं संगणकातून त्याच नावानं निघत होतं. आम्ही अडीच वर्षं एका गेलेल्या माणसाला छत दुरुस्त करायला सांगत होतो.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. अण्णांनी नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनेशन, मोठ्या मुलाच्या, म्हणजे वहिनींच्या यजमानांच्या नावे केलं होतं. धाकटा भाऊ बेंगळुरूला. घराचं पुढे काय करायचं, विकायचं की कुणी एकानं ठेवायचं, यावर दोघांचं एकमत नव्हतं, आणि तो विषय कुणी काढतही नव्हतं. संडास-बाथरूम फोडायचं म्हणजे मोठा खर्च. तो मोठ्यानं केला तर उद्या हिशेबात धरला जाईल का, आणि न विचारता केला तर "घर आपलंच समजून चाललाय" असं धाकट्याला वाटेल का, या घोळात काहीच होत नव्हतं. यातलं अक्षरही त्या खाली जाऊन सांगणार नव्हत्या. काय सांगणार? दिरांशी आमचं पटत नाही म्हणून तुमच्या देव्हाऱ्यावर पाणी पडतंय?

त्यामुळे काकांना जो माज वाटत होता तो प्रत्यक्षात घरातला अबोला होता. मात्र वहिनींना मी पूर्ण सोडणार नाही. "आमची अडचण आहे, सहा महिने द्या" एवढं एक वाक्य त्यांनी काकूंशी बोललं असतं, तर काकांच्या वहीची निम्मी पानं वाचली असती.

सभासदत्वाची बाजू कागदावर सोपी निघाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. सभासद गेल्यावर वारसांचं ठरेपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सभासद करून घेता येतं. त्यानं मालकी ठरत नाही, वारसांचे हक्क जसेच्या तसे राहतात. नेमकं हेच धाकट्या भावाला फोनवर समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढंच होतं? मग करा की." खर्च दोघांत अर्धा अर्धा, आणि तसं त्यानं ईमेलवर लिहून पाठवलं. तीन वर्षांचा गुंता अकरा मिनिटांच्या फोनवर सुटला. अर्थात तो फोन करायला तिसराच माणूस लागला. भावाभावांत तो झाला नसता.

राहिलं निदान. यासाठी मी ओळखीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. जानेवारीतला रविवार. ते आले, छताकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "कधी जास्त पडतं, कधी कमी?"

काका आत गेले आणि वही घेऊन आले.

ती वही आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. काका ती मीटिंगमध्ये टेबलावर आपटायचे. पण उघडून कुणी वाचली नव्हती, कारण ती आपल्याला कुणी हाणायला आणलेली वस्तू वाटायची. मिस्त्री फरशीवर मांडी घालून बसले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पानं उलटायला लागले. बोट ठेवून, ओठ हलवत. पाचेक मिनिटं कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "सकाळी सात ते नऊ वाढतं. दुपारी कमी. रविवारी दिवसभर सारखं. आणि हे गणपतीत काय झालं? पाच दिवस उतरत उतरत शून्य?"

"ते लोक गावाला गेले होते," काका म्हणाले.

"पावसाळ्यात?"

"पावसाचा काही फरक नाही. लिहिलंय बघा."

मिस्त्रींनी वही मिटली. नळाची लाइन गळत असती तर ते गावाला गेले तरी पाणी पडत राहिलं असतं, कारण त्या पाइपात पाणी चोवीस तास भरलेलं. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं मुरत असतं तर जुलैत वाढलं असतं. वापरलं की वाढतं, वापर थांबला की उतरतं, म्हणजे सांडपाण्याची लाइन. ज्या वहीनं दोन घरांत भिंत उभी केली होती, तिच्यातच उत्तर होतं.

पुढचा प्रयोग दहा रुपयांचा. आधी बाथरूमची नहाणी, म्हणजे पाणी जायचं भोक, फडक्यानं घट्ट बुजवून जमिनीवर दोन बोटं पाणी भरलं आणि त्यात खायचा लाल रंग कालवला. दोन दिवस ठेवलं. खाली लाल काहीच उतरलं नाही. वहिनींचा चेहरा उजळला, काकांचा पडला. मग मिस्त्रींनी कपड्यांच्या निळीची अख्खी बाटली संडासाच्या फ्लशच्या टाकीत ओतून पाणी सोडलं, आणि म्हणाले, दिवसभर वापरा, दर वेळी थोडी नीळ घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. मी गेलो, वहिनींनाही बोलावलं. २०२१ नंतर त्या पहिल्यांदाच त्या घरात पाऊल टाकत होत्या. वाटीतलं पाणी फिकट निळं होतं, शाळेत शाईचं पेन धुतल्यावर होतं तसं. डागाची कडही निळसर.

कुणालाच आनंद झाला नाही. काकू हळूच म्हणाल्या, "म्हणजे देव हलवायच्या आधी ते पंधरा दिवस..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. संडासाचं पाणी. मी काकांकडे बघितलं, आता स्फोट होणार या तयारीनं. पण वहिनीच पुढे झाल्या. "काकू, मला शपथेनं माहीत नव्हतं हो. मी सिंकच समजत होते." काकू म्हणाल्या, "आम्हीच सांगितलं होतं ना सिंक म्हणून." काका काही बोलले नाहीत. त्यांनी वाटी उचलली, मोरीत रिकामी केली आणि घासायला घेतली.

यानंतर सगळं सुतासारखं सरळ झालं असं वाटेल, तर तसं नाही. ३०३ चा संडास फोडला. खालचा सुमारे फूटभर खोल खड्डा, ज्याला मिस्त्री लोक संक म्हणतात, विटांच्या तुकड्यांनी भरलेला आणि चिंब होता. कमोडच्या बेंडचा, म्हणजे वाकड्या नळीचा, आणि बाहेरच्या उभ्या बिडाच्या पाइपाचा जोड तडकला होता, आणि तोही बरोबर बाहेरच्या भिंतीच्या जाडीत. आता खर्च कुणाचा? उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळती सोसायटीची आणि घरातली दुरुस्ती सभासदाची. जोड दोन्हीकडचा. समितीच्या बैठकीत चार इंचांवर दीड तास चर्चा झाली. एका सभासदानं तर टेप आणला होता. शेवटी ठरलं : बिडाची उभी लाइन एवीतेवी गंजलीच आहे, ती सोसायटी दुरुस्ती निधीतून पीव्हीसीची करेल, जोडासकट. आतलं सगळं, म्हणजे संक रिकामा करणं, कोबा, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, ३०३ चं. काकांच्या छताचा रंग आणि गिलावाही ३०३ नं करून द्यायचा. (दुरुस्ती निधी हा विनोदाचाच विषय आहे. वर्षाला किमान पाऊण टक्का असं उपविधी सांगतात, पण तो बांधकाम खर्चावर. १९९३ च्या बांधकाम खर्चावर पाऊण टक्का म्हणजे आजच्या बाजारात दोन पाइप आणि एक एल्बो. आम्हाला वेगळी वर्गणी काढावी लागली.)

काम नऊ दिवस चाललं. त्या दिवसांत वरच्यांनी संडास कुठला वापरायचा? काकूंनी "आमचा वापरा" असं सांगितलं. वहिनी शेजारी ३०४ मध्ये गेल्या. समेट झाला होता, पण तेवढा नाही.

काम पूर्ण झालं, टाइल्स लागल्या, पाणी सोडलं, आणि खाली थेंब चालूच. मिनिटाला पाच-सहा. चौथ्या दिवशी काका माझ्या दारात. "पैसे पाण्यात गेले बघ. अक्षरशः." मला घाम फुटला. मिस्त्री मात्र फोनवर शांत होते : "साहेब, स्लॅबनं तीन वर्षं पाणी प्यायलंय. ओकायला वेळ नको द्यायला? पंधरा दिवस छताला हात लावू नका. काकांना सांगा, मोजत राहा." ज्यांनी आपल्या घरी असं काम केलंय त्यांनी हे लक्षात ठेवावं. जुनी ओल उतरायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्या दिवसांत मिटलेलं भांडण पुन्हा पेटतं. मी काकांना गळ घातली की ग्रुपवर फोटो टाकू नका. त्यांनी टाकला नाही. वहीत मात्र लिहीत राहिले : ६, ५, ५, ३, ४, २. अठराव्या दिवशी शून्य.

आणखी महिनाभरानं छत खरवडून गिलावा केला. आतली सळी गंजून फुगायला लागली होती, ती घासून तिला गंजरोधक लावावं लागलं. अजून एखादं वर्ष गेलं असतं तर छताचे ढलपे पडले असते, मग वाटी कुठे ठेवायची हाच प्रश्न उरला नसता.

आता परिस्थिती अशी. काका आणि वहिनी जिन्यात भेटले की बोलतात. "पाणी आलं का", "गॅसवाला येऊन गेला का", एवढंच. मागच्या होळीला पुरणपोळी वर गेली. डबा दोन दिवसांनी परत आला, धुतलेला, आत चार केळी. वहिनींचे यजमान आता रीतसर तात्पुरते सभासद आहेत. बिल त्यांच्या नावानं निघतं. घराचं काय करायचं यावर भावांचं अजून ठरलेलं नाही. तो आमचा विषय नाही, आणि या वेळी हे वाक्य पूर्ण खरं आहे.

छत कोरडं झालं तेव्हा काकूंना मी विचारलं होतं, देव परत आत कधी नेणार? काका मधेच म्हणाले, "एक पावसाळा जाऊ दे." तो पावसाळा गेला. देव हॉलमध्येच आहेत, आणि काकू म्हणतात, इथं उजेड चांगला येतो. स्वयंपाकघरातल्या त्या कोपऱ्यात अजून वाटी आहे. काका सकाळी उठले की वाकून बघतात आणि वहीत तारीख टाकून शून्य लिहितात. परवा मला हाक मारून म्हणाले, वही संपत आली, तुझ्या ऑफिसजवळ लांबट वह्या चांगल्या मिळतात, येताना एक आण.